चार बोटं जागा

१

लग्नानंतर आठव्या दिवशी सासऱ्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली. कपाटाची नाही, तिजोरीची तर नाहीच. परसातल्या पेट्रोलच्या खोलीची.

"शास्त्र शिकलीस ना? मग हे तूच बघ. माझ्या डोळ्यांना आता चिठ्ठीवरची तारीख दिसत नाही, आणि ह्याला वेळ नाही."

'ह्याला' म्हणजे माझ्या नवऱ्याला. तो शेजारी उभा राहून चिंधीला हात पुसत होता आणि हसू दाबत होता. मी मान डोलावली. नव्या सुनेला मान डोलावणं फार छान जमतं; बाकीचं सगळं शिकावं लागतं.

पुढे दुकान, मागे घर, मध्ये फरशीचं अंगण आणि अंगणाच्या टोकाला, घरापासून वीस पावलांवर, तीन पायऱ्या चढून ही खोली. दुकानात लहान इंजिनं दुरुस्त होतात. गवत कापायची यंत्रं, पाण्याचे पंप, जनरेटर. लोक ती चार महिने वापरतात आणि आठ महिने विसरतात, आणि त्या विसरण्यावर आमचं घर चालतं. टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा डिंक होतो, कार्बोरेटरची बारीक भोकं बुजतात, आणि मग माणूस दोरी ओढून ओढून खांदा धरून आमच्याकडे येतो.

"पेट्रोल म्हणजे दूध," सासरे सांगत. "लोकांना वाटतं हे मुरतं. मुरत नाही, नासतं."

पेट्रोलपंप लांब आणि त्याचा टँकर लहरी, म्हणून आम्ही साठा ठेवायचो. त्याचे नियम होते. डबा गळ्यापर्यंत भरायचा नाही, चार बोटं जागा सोडायची, कारण उन्हाने पेट्रोल फुगतं आणि त्यालाही अंग पसरायला जागा लागते. बाटलीतल्या औषधाचं एक माप घालायचं, म्हणजे ते लवकर नासत नाही. तारखेची चिठ्ठी तारेने मुठीला बांधायची. सगळ्यात जुना डबा सगळ्यात पुढे. सहा महिने झाले की तो गाडीच्या टाकीत ओतायचा आणि ताजा भरायचा. आणि रोज भर दुपारी, पत्रा तापला की, एकेक झाकण अर्धा आटा सैल करायचं, आतली वाफ सुस्स करून जाऊ द्यायची, पुन्हा घट्ट करायचं. घरात ह्याला 'ढेकर काढणं' म्हणत.

"बरंय," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "पुढे पोराचे काढायला सोपं जाईल."

चेहरा कोरा. सासूबाई विनोद कोऱ्या चेहऱ्याने करतात, हे कळायला मला महिना लागला.

२

दाराच्या मागे खिळ्याला वही होती. वहीत चौदा डबे. फळ्यांवरही चौदाच. पण खालच्या फळीच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली, एक पंधरावा होता. जुन्या घडणीचा, कडा गोल झालेला, मूठ हाताळून हाताळून चकचकीत. त्याला टेकून एक छोटा डबा, लहान मूल मोठ्या माणसाच्या पायाला टेकावं तसा.

दोघांनाही चिठ्ठ्या होत्या. दोन्हींवर एकच तारीख. अकरा वर्षांपूर्वीची.

मी स्वतःशी हसले. दुसऱ्यांच्या सहा महिन्यांच्या पेट्रोलवर प्रवचन देणाऱ्या माणसाच्या घरात अकरा वर्षांचं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मोठ्या डब्याचं झाकण उघडून मी वास घेतला. नासलेलं पेट्रोल वासावरून कळतं. आंबट, जुन्या रंगाच्या डब्यासारखं. काचेच्या नळीत धरलं तर चहासारखं दिसतं.

हे नळीत पाण्यासारखं दिसलं. वास तर असा की आत्ताच टँकरमधून उतरवलंय.

असेल. कुणी तरी भरून ठेवलं असेल आणि चिठ्ठी बदलायची राहिली असेल. चिठ्ठ्या सगळ्यांकडूनच राहतात.

मी झाकण लावलं आणि बाकीच्यांचे ढेकर काढायला लागले. सकाळी ऊन चढताना पत्रा फुगतो तेव्हा डबे एकदा टक् करतात, संध्याकाळी आक्रसताना पुन्हा एकदा. दिवसाला दोन. पहिल्या दिवशी दचकायला होतं, तिसऱ्या दिवशी कान सोडून देतात.

कोपऱ्यातला डबा मात्र थांबत नव्हता. टक्. मग थोडी उसंत. मग टक्, पण जरा खालच्या सुरात. जणू पत्रा बाहेर जाऊन पुन्हा आत येत होता.

भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर आहे, मी मनाशी म्हटलं. त्याचा हादरा.

सुट्टीच्या दिवशी कॉम्प्रेसर बंद होता. मी घड्याळ घेऊन गेले. मिनिटाला पंधरा वेळा बाहेर, पंधरा वेळा आत.

३

"कोपऱ्यातला डबा कुणाचा?" मी नवऱ्याला विचारलं.

दुपारची वेळ होती, दुकानात आम्ही दोघंच. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते आणि दोघंच असलो की अरे. त्या अदलाबदलीची मला अजून गंमत वाटते.

"बाबांचा," तो कार्बोरेटर फुंकत म्हणाला.

"अकरा वर्षांचा आहे."

"मग बाबांचाच. ते काही टाकत नाहीत. मलासुद्धा ठेवलंय बघ."

"म्हणजे?"

"अगं, मी विहिरीत गेलो होतो ना तेव्हा." त्याने बारीक तारेने एक भोक साफ केलं, उजेडात धरून पाहिलं. "सोळाचा होतो. एकाचा पंप विहिरीच्या कप्प्यात उतरवून चालू केला आणि शहाणा तिथेच बसलो. धूर साठला. बाबांनी वर काढलं तेव्हा म्हणे मी संपलोच होतो."

"मग?"

"मग काय, नाही संपलो. आता तुझ्या पदरात पडलोय." तो हसला. "मला काही आठवत नाही. आईला विचारू नकोस मात्र, ती दोन दिवस जेवत नाही."

त्याने कार्बोरेटर बसवला, दोरी धरली आणि ओढली. इंजिन सुरू झालं. गिऱ्हाइकं त्याला 'एकझटका' म्हणतात. कसलंही मेलेलं इंजिन असो, त्याला दुसऱ्यांदा दोरी ओढावी लागत नाही.

जेवणानंतर तो बाकावर आडवा झाला. मी शेजारी बसून चिठ्ठ्यांवर तारखा घालत होते. दोन चिठ्ठ्या झाल्या आणि माझं लक्ष त्याच्या छातीकडे गेलं. समोर भिंतीवर घड्याळ होतं. मोजायचं नाही असं मी ठरवलं, आणि मोजलं.

पंधरा.

पंधरा तर कुणाचेही असतात. झोपलेल्या माणसाचे पंधराच असायचे. मी शास्त्र शिकलेय.

४

पण मनात पाल चुकचुकली की चुकचुकली. मी घरात एका जागी बसेनाशी झाले. पोळी लाटता लाटता उठायची, अंगण ओलांडायची, पायऱ्या चढायची, ऐकायची, परत यायची.

"पोटात दुखतंय का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई."

"मग पायात दुखत असेल. दुखेल नाही तर उद्यापर्यंत."

एकदा मी खोलीत असताना टक्टक् भराभर व्हायला लागली. मिनिटाला पंधरा नाही, तीस असतील. गोणपाट उडत होतं. मी घाईने बाहेर आले, दुकानाच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिले. नवरा जनरेटर एकट्याने टेबलावर चढवून नुकताच खाली वाकला होता. हात गुडघ्यांवर, धापा टाकत.

"काय बघतेस? पाणी दे."

मी पाणी दिलं. परत गेले तोवर डबा सावकाश झाला होता.

मग पहिली तारीख आली. सासरे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दुपारी किल्ली मागून घेत. "जरा बघून येतो," एवढंच. त्या दिवशी मी अंगणात कपडे वाळत घालत होते आणि खोलीच्या जाळीतून आतलं दिसत होतं. बघत नव्हते, दिसत होतं. त्यांनी छोटा डबा उचलला, मोठ्याच्या तोंडाशी नरसाळं धरलं आणि छोट्यातलं थोडं मोठ्यात ओतलं. औषध मोजतात तसं, हात कापू न देता. मग झाकणं लावून तिथेच फळीला धरून उभे राहिले.

पायऱ्या उतरताना ते दुसऱ्या पायरीवर थांबले. मग तिसऱ्यावर. एकोणसाठ वर्षांचा माणूस, पण तीन पायऱ्यांना एवढी धाप.

"बाबा, पाणी आणू?"

"नको." किल्ली माझ्या हातात देताना त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुझं नाक चांगलं आहे म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"हीच म्हणत होती. चांगल्या नाकाची माणसं सासरी लवकर शहाणी होतात." मग श्वास घेऊन, "किंवा लवकर माहेरी जातात."

मी परत कपड्यांकडे वळले. हातात नवऱ्याचा शर्ट होता. मला माहेरी जायचं नव्हतं. तीन महिन्यांत एवढं तरी मला पक्कं कळलं होतं, की हा माणूस हसला की दुकानातला उजेड बदलतो, आणि तो उजेड मला हवा होता.

५

चूक झाली ती शहाणपणामुळे.

सासऱ्यांचा दम वाढला म्हणून सासूबाई त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. घरात आम्ही दोघं. एक बागवाला त्याचं गवत कापायचं यंत्र न्यायला आला, ते तयार होतं, फक्त टाकी रिकामी होती.

"पेट्रोल घालून, चालू करून ठेवा वहिनी. तासाभरात येतो. मागच्या खेपेला तुम्ही दहादा दोरी ओढली होती, मी मोजत होतो."

"मोजायला तुम्हाला दुसरं काही नाही वाटतं?"

"होतं. पण तुमच्याइतकं मजेचं नव्हतं." आणि तो गेला.

खोलीत ऊन रखरखत होतं. कोपऱ्यातला डबा त्या दिवशी पाहवत नव्हता. पत्रा पखालीसारखा टरारला होता. मी त्याच्यासमोर उभी राहून स्वतःला चांगलं झापलं. पदवीधर बाई, एका डब्याचे ठोके मोजत बसतेस? अकरा वर्षांचा पत्रा, तापलेली खोली, उद्या फाटला म्हणजे घरादारासकट जाशील. नियम काय आहे? सगळ्यात जुना सगळ्यात आधी. तर मग काढ आणि संपव. एकदा यंत्रात जळून गेलं की तुझी टक्टकही जाईल.

मी डबा अंगणात आणला, झाकण फिरवलं. वाफ सुस्स करून बाहेर यायला हवी होती. डब्याने हवा आत घेतली, लांब, सावकाश.

अर्धा लिटर मी यंत्राच्या टाकीत ओतलं. डबा बंद केला. दोरी धरली.

एका ओढीत यंत्र सुरू झालं.

मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. "अरे, बघ. एकझटकी!"

तो दुकानाच्या मागच्या दारात स्टुलावर बसला होता. मगाशी उभा होता. हातात पेचकस.

"काय झालं?"

"काही नाही. धाप लागली जरा."

यंत्राचा आवाज एकसारखा नव्हता. चढत होता, उतरत होता, चढत होता. मिश्रण बिघडलं की इंजिन असं करतं, ते मी दुकानात शिकले होते. त्याच्या शर्टाची पुढची बाजू वर येत होती, खाली जात होती. चढत्या आवाजाला वर. उतरत्या आवाजाला खाली.

मी हात पुढे करून यंत्र बंद केलं.

अंगणात एकदम शांतता झाली. शेजारच्या डब्याची टक्टकही नव्हती. तो माझ्याकडे बघत होता. पडला नाही, डोळे फिरवले नाहीत. बोलता बोलता शब्द विसरलेल्या माणसासारखा तोंड किंचित उघडं ठेवून नुसता बसून होता. शर्ट हलत नव्हता. पापणी हलत नव्हती. त्याच्या गालावर माशी बसली आणि चालत चालत डोळ्याच्या कडेपर्यंत गेली.

मी दोरी ओढली.

यंत्र चालू झालं. त्याने माशी हाकलली.

"हां, मी काय म्हणत होतो?" तो म्हणाला.

६

अर्धा लिटर किती वेळ चालतं हे मला पाठ होतं. गिऱ्हाइकांना मीच सांगायची. पाऊण तास.

मी यंत्राशेजारी उकिडवी बसले. टाकीत वरून बघायची, त्याच्याकडे बघायची. तो स्टुलावरून बडबडत होता, बागवाल्याचं यंत्र, पात्याला धार हवी, बंद कर ना ते, किती वेळ चालवतेस. मी म्हणत होते, चाचणी घेतेय. माझा आवाज कुणा तरी दुसऱ्या बाईचा वाटत होता. त्याच्यात आणि माझ्यात दहा पावलं होती आणि मला ती चालून जाता येत नव्हती, कारण हात यंत्रावरून काढवत नव्हता.

टाकीचा तळ दिसायला लागला तेव्हा दारात गाडी थांबली.

सासूबाई अंगणात आल्या, त्यांनी डबा पाहिला आणि तिथेच मटकन खाली बसल्या. सासरे रागावले नाहीत. रागवायला दम लागतो.

"किती ओतलंस?"

"अर्धा लिटर."

"छोटा डबा आण. आणि नळी."

मी धावत जाऊन दोन्ही आणलं. त्यांनी नळीचं एक टोक यंत्राच्या टाकीत सोडलं, दुसरं माझ्याकडे दिलं. "तू ओढ. माझ्यात तेवढा दम उरला नाही."

मी नळी तोंडात धरून ओढलं. तोंडात आलं ते पेट्रोल असायला हवं होतं. थंड होतं, स्वच्छ होतं, आणि त्याला पहाटेच्या हवेसारखी चव होती. नळी मोठ्या डब्यात सोडली. बारीक धार लागली, आणि थांबली.

"आता पेट्रोलचा कॉक बंद कर," सासरे म्हणाले. "कार्बोरेटरच्या भांड्यात आहे तेवढ्यावर मिनिटभर चालेल."

मी कॉक फिरवला. त्यांनी छोटा डबा उचलला आणि ह्या वेळी मोजलं नाही. सरळ उलटा केला. शेवटचे थेंब पडेपर्यंत धरून ठेवला, तळावर दोनदा थाप मारली, मोठ्याचं झाकण घट्ट लावलं.

यंत्र अडखळलं. दोनदा खोकलं. बंद पडलं.

स्टुलावर तो तसाच, तोंड किंचित उघडं.

सासूबाईंनी माझा हात धरला. मी मोजत नव्हते. मोजायचं मला सुचलं नाही, त्या दिवशी पहिल्यांदाच.

टक्, डबा म्हणाला.

"बंद पडलं का?" नवरा उठून उभा राहिला. "सरका, मी बघतो. तुम्ही सगळे असे काय बसलात?"

माझा जीव भांड्यात पडला. सासरे फरशीवर बसले होते ते मात्र उठले नाहीत. आम्ही तिघांनी त्यांना आत नेलं.

७

ते अजून आहेत. खिडकीशी खाटेवर, उशांना टेकून. डॉक्टर छातीचं म्हणतात आणि औषध बदलून देतात. बोलताना दोन शब्दांनंतर थांबतात. ते का झालं, कसं झालं, कधी ठरलं, ह्यातलं एक अक्षर त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नवऱ्याला वाटतं की त्या दिवशी त्याचा डोळा लागला होता.

छोटा डबा मी धुऊन पायरीवर पालथा घातला. आत काही नव्हतं, वाससुद्धा.

"माझाही होता एक," सासूबाई मागून म्हणाल्या. "चार वर्षं पुरला. म्हणून तर मला जिना चढवत नाही. तुला वाटलं असेल, आळशी आहे."

"नाही आई."

"वाटलं असणार. मलाही माझ्या सासूबद्दल वाटायचं." चेहरा कोरा होता, पण हा विनोद नव्हता. "मोठा तेवढ्यावर राहत नाही. दर महिन्याला थोडा उतरतो. झाकण कितीही घट्ट लावलं तरी थोडं उडतंच ना त्यातलं, तूच सांगत असतेस लोकांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत कोपऱ्यातल्या डब्याशेजारी एक नवा छोटा डबा ठेवलेला होता. कोरा, दुकानातल्या मालातला. मुठीला तारेने चिठ्ठी, चिठ्ठीवर काही नाही. शेजारी माझीच पेन्सिल.

मी बाहेर आले. सासूबाई कपडे वाळत घालत होत्या, माझ्याकडे पाठ करून.

"बळजबरी नाही हं," त्या शर्टाला म्हणाल्या. "माहेर आहे तुला."

दुकानातून दोरी ओढल्याचा आवाज आला. एकच. मग इंजिन, मग त्याचं गिऱ्हाइकाशी हसणं.

मी आत गेले. नव्या डब्याचं झाकण उघडून पाहिलं. रिकामा होता, तळ चमकत होता. झाकण लावलं. चिठ्ठीवर तारीख घातली, माझ्या अक्षरात, नीट. बाकी काही केलं नाही. करायचं काय असतं ते मला ठाऊकच नव्हतं. मग घरात जाऊन कणीक मळली.

दुपारी ऊन चढल्यावर ढेकर काढायला गेले. चौदा डबे झाले. मग वाकून कोपऱ्यातला छोटा उचलायला गेले, आणि तो एका हाताने उचलला गेला नाही.

झाकण काढून बोटं आत घातली. पाण्यासारखं स्वच्छ. वर बरोबर चार बोटं जागा.

पायऱ्या तीनच आहेत. उतरताना मी दुसरीवर थांबले.